हृदयरोग टाळण्याचा कार्यक्रम सोसायटीत किंवा गावात चालवायचा असेल तर: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी शिबिराची तारीख ठरते, मग फ्लेक्स लागतो, पाहुणे ठरतात, रविवारी सकाळी रांगेने लोकांचा रक्तदाब मोजला जातो आणि ज्यांचा वाढलेला निघतो त्यांना ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढे सांगून घरी पाठवले जाते. सहा महिन्यांनी त्यांतले किती जण डॉक्टरांकडे गेले आणि किती जणांचा रक्तदाब आज आटोक्यात आहे, असे विचारल्यास आयोजकांकडे फोटो निघतात, नोंद निघत नाही. खाली दिलेला क्रम म्हणूनच पाठपुराव्यापासून सुरू होतो. तपासणी चौथ्या टप्प्यावर येते, आणि ती त्याआधी आणण्याचा मोह कितीही झाला तरी आणू नये.

टप्पा १: तपासणीनंतर माणूस कुठे जाणार, ते आधी ठरवा

गावात हे काम उपकेंद्रापासून, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथून सुरू करावे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षे व त्यापुढील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी होणे अपेक्षित आहे, आणि त्यासाठी आशाताई घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरून घेतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातील आजार यांवर तीत गुण असतात. ज्यांचे गुण ४ च्या वर जातात त्यांना तपासणीसाठी आधी बोलावायचे असते. ही यादी तुमच्या गावात कदाचित आधीच तयार असेल. ती न पाहता नवी यादी करायला बसणे म्हणजे आशाताईंचे काम दुप्पट करणे, आणि मग त्यांच्याकडून सहकार्याची अपेक्षा ठेवण्यातही अर्थ उरत नाही. शहरात महापालिकेचा दवाखाना किंवा परिसरातले एखादे फॅमिली डॉक्टर हीच भूमिका निभावू शकतात.

तिथे जाऊन तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. वाढलेल्या रक्तदाबाचे लोक कोणत्या वारी, कोणत्या वेळेत यावेत? रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे तिथे मिळतात का, आणि एका वेळी किती दिवसांची देतात? ईसीजी किंवा पुढील तपासण्या लागल्यास रुग्णाला कुठे पाठवणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा ‘बघू’ असे येते. तेवढ्यावर समाधान मानू नये. ठिकाणाचे नाव घेऊनच उठावे.

*पडताळणी:* वार, वेळ, ठिकाण आणि औषधांची उपलब्धता या चार गोष्टी एका कागदावर लिहिलेल्या नसतील, तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २: जे येणार नाहीत, त्यांची यादी आधी करा

सूचना फलकावर कागद लावला आणि व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की जे येतात ते प्रामुख्याने आधीपासून सकाळी फिरणारे, निवृत्त आणि स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणारे लोक असतात. त्यांचे स्वागतच आहे, पण कार्यक्रमाची खरी गरज दुसऱ्यांना असते. सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया, गेटबाहेरचे रिक्षावाले, इस्त्रीवाले, आणि घरात असूनही कधीच खाली न उतरणारे पन्नाशीचे पुरुष. गावात शेतमजूर, दूध संकलनाच्या वेळेत अडकलेली कुटुंबे, आणि मराठवाड्यासारख्या भागात ऊसतोडीला बाहेर पडणारी मंडळी. या लोकांची नावानिशी यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे ‘कोण सांगणार’ हे लिहावे. वॉचमनला सोसायटीच्या सचिवांनी सांगितले तर तो हो म्हणतो आणि येत नाही. त्याच्याच पाळीतल्या सहकाऱ्याने सांगितले तर येण्याची शक्यता जास्त असते.

वेळ ठरवण्याचा अधिकार गटाकडे द्यावा. सकाळी सहाची वेळ आयोजकांना आपोआप सुचते, कारण ती त्यांची स्वतःची फिरण्याची वेळ असते. पण ज्या घरात सातच्या आत तीन डबे भरायचे असतात त्या घरातली बाई सहाला मैदानात येऊ शकत नाही, आणि ती आली नाही तर पुढे स्वयंपाकघरातला एकही बदल होणार नाही. बचत गटाच्या बैठकीला जोडून दुपारची वेळ ठेवल्यास ही अडचण बरीच सुटते. पंधरा ते वीस जणांचा एक गट आणि त्यातलाच एक गटप्रमुख, ही रचना सांभाळायला सोपी जाते.

*इशारा:* कोणाचाही रक्तदाब, साखर किंवा वजन व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, ‘अभिनंदन’ म्हणूनसुद्धा नाही. माहिती कोण पाहणार आणि कशासाठी वापरणार, हे सांगून प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. लग्न ठरायचे असलेल्या मुलीची साखर वाढलेली आहे ही गोष्ट चाळीत पसरली, तर तुमच्या कार्यक्रमाला पुन्हा त्या मजल्यावरून कोणी येणार नाही, आणि ते योग्यच असेल.

टप्पा ३: हंगाम पाहून सुरुवात करा

पावसाळ्यात सुरू केलेला चालण्याचा गट पहिल्या झडीत मोडतो आणि गणपती ते दिवाळी या काळात फराळावर बोलणे कोणालाच रुचत नाही. शहरात दिवाळीनंतरचा पंधरवडा सुरुवातीला चांगला. गावात रब्बीची पेरणी उरकल्यावर सुरुवात करावी. मात्र ऊसतोड मजूर असलेल्या वस्तीत ते लोक बाहेर पडण्याआधी किंवा परत आल्यावर वेगळी फेरी ठेवावी लागते.

टप्पा ४: पहिली नोंद

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात. रक्तदाब चुकीचा मोजला की निरोगी माणसाला भीती बसते आणि आजारी माणूस निर्धास्त घरी जातो, म्हणून येथे घाई करू नये.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकवून, दोन्ही पाऊले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. शिबिरात नेमके हेच होत नाही, कारण रांग खुर्च्यांवर नसते, उभी असते. माणूस जिना चढून येतो, लगेच हात पुढे करतो आणि शेजाऱ्याशी बोलत राहतो. यावर साधा उपाय असा, की टेबलाआधी सहा-सात खुर्च्यांची ओळ लावावी आणि तिथे बसल्यावर बोलायचे नाही एवढा एकच नियम ठेवावा. रांग जसजशी सरकते तसतशी प्रत्येकाची पाच मिनिटे आपोआप भरतात.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर बांधावा. स्वेटरच्या किंवा ब्लाऊजच्या घट्ट बाहीवरून बांधू नये आणि बाही वर गुंडाळून तिचा फास दंडावर बसू देऊ नये. म्हणून स्त्रियांसाठी आडोसा असलेली वेगळी जागा हवीच. दंड टेबलावर टेकलेला आणि छातीच्या मध्याच्या उंचीवर असावा. हात हवेत धरलेला किंवा खाली लोंबता असेल तर आकडा वाढलेला येतो. पट्ट्याच्या आकाराकडे तर जवळजवळ कोणीच पाहत नाही: यंत्राबरोबर येणारा मधल्या मापाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर तोच ओढून बसवला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, म्हणून मोठ्या मापाचा एक पट्टा आधीच आणून ठेवावा.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. दोन्हींत मोठा फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजावे.

पुढे काय करायचे, ते आकड्यावर ठरते. १४०/९० च्या खाली असलेल्यांची नोंद करून त्यांना पुढच्या मोजणीची तारीख द्यावी. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त असेल, तर आजच ‘तुम्हाला बीपी आहे’ असे सांगू नये; दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि तेव्हाही वाढलेला निघाला तर पहिल्या टप्प्यात ठरवलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वारी पाठवावे. १८०/११० किंवा त्याच्या वर असेल, तर शांतपणे बसवून पुन्हा मोजावे आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अशा माणसाला एकट्याने घरी पाठवू नये.

कमरेचा घेर मोजायलाही विसरू नये. पट्टी शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता लावावी. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पँटच्या मापावरून सांगितलेला घेर लिहू नये, कारण आपल्याकडे पँट पोटाच्या खाली बांधण्याची पद्धत आहे.

तंबाखूचा प्रश्न कसा विचारतो, यावर उत्तर अवलंबून असते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ग्रामीण भागातल्या अनेक स्त्रिया ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ते खरेच असते, कारण त्या मिश्री लावतात. ‘सकाळी दाताला काय लावता? दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की उत्तर येते. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते. मावा, खैनी, विडी यांची नावे घेऊन वेगवेगळे विचारावे.

*पडताळणी:* दिवस संपल्यावर नोंदवही उघडून पाहावी. बरेच आकडे १२०/८० किंवा १३०/८० असे नेमके शून्यावर संपणारे असतील, तर ते मोजलेले नसून अंदाजाने लिहिलेले असण्याची दाट शक्यता असते. आपोआप चालणारे यंत्र वापरावे आणि पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा लिहावा.

टप्पा ५: कोणाला आधी डॉक्टरांची परवानगी हवी

गट चालायला निघण्यापूर्वी प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत: जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दाब, जळजळ किंवा घट्टपणा येतो का? पूर्वी हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे का? चक्कर येऊन कधी पडला आहात का? मधुमेहासाठी इन्सुलिन घेता का? यातील एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या व्यक्तीने वेगाने चालू नये. रक्तदाब १८०/११० च्या वर असलेल्यांनाही तो खाली येईपर्यंत हाच नियम लावावा.

*इशारा:* चालताना छातीच्या मध्यभागी दाब, घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना सुरू झाली, तर जागीच बसवावे आणि १०८ ला फोन करावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजत बसण्यात जो वेळ जातो, तो परत मिळत नाही.

टप्पा ६: एका वेळी एकच बदल

पहिल्याच बैठकीत मीठ, साखर, तेल, मैदा, चालणे, योगासने आणि झोप या सगळ्यांवर व्याख्यान झाले की दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसे असतात. प्रत्येक बदलाला किमान चार आठवडे द्यावेत.

*चालणे.* सुरुवात याने करावी, कारण गट यानेच बांधला जातो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने हालचाल करावी, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. वेगाची खूण अशी, की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते. शनिवार-रविवारी दोन तास चालून बाकीचे पाच दिवस बसून काढणारे उत्साही लोक गुडघा दुखला की कायमचे गळतात. आणि एक प्रेमळ सूचना: फेरीचा शेवट वडापावच्या गाडीपाशी होणार नाही असा रस्ता निवडावा.

*मीठ.* एका व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि तीत सगळीकडचे मीठ धरलेले असते. स्वयंपाकघरात कोणी ग्रॅम मोजत नाही, म्हणून पाकीट मोजावे. नवे एक किलोचे पाकीट फोडताना त्यावर पेनने तारीख लिहायची. चार जणांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले तर ते पन्नास दिवस पुरते. पाकीट पन्नास दिवसांच्या आत संपत असेल, तर मर्यादा घरातल्याच मिठाने ओलांडलेली आहे. पाव, फरसाण, पापड, विकतचे लोणचे आणि खारी मासळी यांतले मीठ तर अजून मोजलेलेच नाही. म्हणून पाकीट निदान साठ-सत्तर दिवस टिकवणे हे उद्दिष्ट ठेवावे. लोणचे घालायला किंवा भाजी धुवायला लागणारे मीठ वेगळ्या पाकिटातून घ्यावे, नाहीतर हिशेब बिघडतो.

कमी करण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम ताट वाढताना डाव्या बाजूला येणारी मिठाची चिमूट आणि जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी बंद करावी. मग कणकेतले आणि भातातले मीठ बंद करावे. आमटी-भाजीबरोबर खाताना हा फरक फारसा जाणवत नाही. शेवटी आमटी-भाजीतले मीठ हळूहळू कमी करावे आणि चव राखण्यासाठी कोकम, चिंच, लिंबू, ओले खोबरे, कढीपत्ता यांचा हात सैल सोडावा. एकदम अर्धे मीठ केलेली आमटी पहिल्याच दिवशी ताटात उरते आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी मीठ पुन्हा पूर्वीइतके करतात.

नेहमीची चूक म्हणजे साध्या मिठाऐवजी सैंधव घेऊन ते मोकळ्या हाताने वापरणे. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

*इशारा:* ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाची किंवा हृदयाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गटात सरसकट वाटू तर मुळीच नये.

*तेल.* इथेही तीच युक्ती. बैठे काम करणाऱ्या प्रौढासाठी दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम तेल-तूप पुरे धरतात. पाच लिटरच्या कॅनमध्ये जवळपास साडेचार किलो तेल असते, म्हणजे चार माणसांच्या घरात २५ ग्रॅमच्या हिशेबाने तो सुमारे पंचेचाळीस दिवस जायला हवा. किती घरांत तो महिनाही टिकत नाही, हे तारीख लिहिल्यावर त्या घरांनाच कळते, आणि त्यासाठी भाषणाची गरज पडत नाही. घाण्याचे तेल आणले की मग कितीही वापरावे, ही समजूत गटात हमखास असते. तेल कोणतेही असले तरी प्रमाण मोजावेच लागते. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नये. उपवासाच्या दिवसाचाही वेगळा विचार व्हावा, कारण साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाट्याचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू असा तो दिवस तेलाच्या दृष्टीने इतर दिवसांपेक्षा जड जातो.

*तंबाखू.* हा बदल रांगेत ठेवू नये. ज्याला सोडायची आहे त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून स्वतंत्रपणे काम करावे, पण गटासमोर नाव घेऊन नव्हे. १८००-११२-३५६ ही शासनाची मोफत मदतवाहिनी आहे. क्रमांक लिहून देण्यापेक्षा शेजारी बसून फोन लावून द्यावा. तलफ येते ती बहुधा काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढण्यासाठी काय करायचे हे आधी ठरलेले असावे. ‘दिवसाला एकच ओढतो’ हे समर्थन स्वीकारू नये. हृदयाचा धोका सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही, एका सिगारेटनेही तो बराच वाढतो.

टप्पा ७: औषधे

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एक ठरावीक प्रसंग घडतो. गोळी सुरू असलेल्या माणसाचा रक्तदाब १२८/७८ येतो, त्याला आनंद होतो, आणि तो गोळी बंद करतो. हा आकडा चालण्यामुळे आला की गोळीमुळे, हे गटाने ठरवायचे नसते. गोळी कमी करायची की नाही हे केवळ डॉक्टर ठरवतील, आणि गटप्रमुखाने एवढेच पाहायचे की पुढच्या गोळ्या संपण्याआधी आणल्या गेल्या. गोळीची सवय लागते म्हणून ती टाळून काढा घेणे, हा सल्ला गटातलाच कोणीतरी देतो. त्याला तिथल्या तिथे थांबवावे.

टप्पा ८: तीन आणि सहा महिन्यांची मोजणी

किती लोक आले, हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. नोंदवहीत पाच रकाने आखावेत: किती जणांचा रक्तदाब मोजला, किती जणांचा दुसऱ्यांदाही वाढलेला निघाला, त्यांतले किती जण डॉक्टरांपर्यंत पोचले, किती जण आज औषध घेत आहेत, आणि शेवटच्या मोजणीत किती जण १४०/९० च्या खाली आहेत. प्रमाण काढताना जे परत आलेच नाहीत त्यांना वगळू नये. वाढलेला रक्तदाब असलेल्या वीस जणांपैकी आठ परत आले आणि त्यांतले सहा आटोक्यात असतील, तर हिशेब वीसपैकी सहा असा मांडायचा, आठपैकी सहा असा नव्हे.

वजन घटवण्याची स्पर्धा लावू नये. बक्षिसासाठी आठवडाभर उपाशी राहणारे जिंकतात, आणि ज्याने निमूटपणे मिश्री सोडली त्याच्या नावावर काहीच लागत नाही.

ठरलेल्या दिवशी न आलेल्या माणसाकडे आठ दिवसांच्या आत गटप्रमुखाने घरी जावे, शक्यतो यंत्र घेऊनच, म्हणजे रिकामा प्रश्न विचारून परतावे लागत नाही. गटप्रमुखाची बदली झाली किंवा भाड्याची मुदत संपून तो दुसरीकडे राहायला गेला की अनेक गट तिथेच थांबतात. म्हणून दर महिन्याला नोंदवहीची एक प्रत आशाताईंकडे किंवा ठरवलेल्या दवाखान्यात, संमती दिलेल्यांपुरती, पोचती करावी आणि दुसऱ्या एका सदस्याला पहिल्या महिन्यापासूनच मोजणीला शेजारी बसवावे.